ग्रिल घ्यावं की स्मोकर? आधी झाकण बघा

प्रश्न : पुण्यात सहकारनगरला आमचा जुना बंगला आहे. मागे साधारण वीस बाय पंधरा फुटांचं अंगण आहे. महिना-दोन महिन्यांनी दहा-बारा माणसं जेवायला असतात. आत्तापर्यंत लोखंडी सिगडीवर तंगडी, पनीर, कणसं भाजत आलो. पण तंगडी बाहेरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते. टेक्सासला राहणारे मेहुणे म्हणतात, एकदाच चांगला स्मोकर (लाकडाच्या धुरात, मंद आचेवर तासनतास मांस शिजवायचं बंद साधन) घे, बाकी सगळं विसरशील. घरात आई आणि बायको शाकाहारी आहेत. शेजाऱ्यांची खिडकी कुंपणापासून दहा फुटांवर. कोळशाचं ग्रिल घ्यावं की स्मोकर? आणि इथल्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला चालेल का?

उत्तर : तुमच्या पत्रावरून सरळ सांगतो. साडेबावीस इंच, म्हणजे ५७ सेंटिमीटर व्यासाचं, घुमटासारखं झाकण असलेलं गोल कोळशाचं ग्रिल घ्या. स्मोकर आत्ता घेऊ नका.

मेहुण्यांचं म्हणणं त्यांच्या गावी बरोबरच आहे. टेक्सासात स्मोकर घेतात तो मुख्यतः ब्रिस्केटसाठी. गाईबैलाच्या छातीचा हा पाच-सहा किलोंचा चिवट, चरबीदार तुकडा असतो. ११० ते १२० अंश सेल्सिअसवर दहा-बारा तास ठेवला की त्यातले चिवट धागे विरघळून मऊ होतात. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे. म्हशीचं मांस मिळतं, पण ते बहुधा वयस्क जनावराचं आणि कमी चरबीचं असतं. त्याच पद्धतीनं केलं तर कोरडं पडतं. आपल्याकडचा बोकड लहान, मांडी जेमतेम दीड-पावणेदोन किलोची, तीही चरबी फारशी नसलेली. तिलाही आठ तासांची धुरी सोसत नाही. ब्रॉयलर कोंबडीला तर इतका वेळ लागतच नाही. उलट ११० अंशांवर तिचं कातडं रबरासारखं चिवट राहतं. म्हणजे पुण्यात खऱ्या अर्थानं स्मोकरसाठी उरतं ते डुकराचं मांस. खांद्याचा किंवा पोटाचा तुकडा घरी महिन्यातून दोनदा लागत असेल तर स्मोकर घेण्यात अर्थ आहे. तुमच्या यादीत तंगडी, पनीर आणि कणसं आहेत. यातल्या एकालाही स्मोकर लागत नाही.

आता तुमची तंगडी का करपते ते बघू, कारण ग्रिल नवं आणलं आणि पद्धत जुनीच ठेवली तर तीही करपेल. सिगडीत निखारे सगळीकडे सारखे पसरलेले असतात आणि जाळी त्यांच्यापासून चार-पाच बोटांवर असते. वर झाकण नाही, म्हणून हवा मोकळी आणि आच कमी करायची सोय नाही. कोंबडीची चरबी निखाऱ्यावर गळते, ज्वाळा उठते, दह्यातला आणि मसाल्यातला गोडवा आधी जळतो. हाडापाशी उष्णता पोहोचेपर्यंत बाहेरचं काळं झालेलं असतं.

झाकणाच्या ग्रिलमध्ये निखारे एका बाजूला लोटायचे. अर्धी जाळी निखाऱ्यांवर, अर्धी रिकामी. रिकाम्या बाजूला खाली फॉइलचा ट्रे ठेवा, चरबी त्यात गळेल. बारा तंगड्यांसाठी सुमारे दीड किलो लाकडी कोळसा पेटवा. तंगड्या रिकाम्या बाजूला मांडा, झाकण लावा आणि झाकणाची झडप तंगड्यांच्या बरोबर वर येईल असं झाकण फिरवा, म्हणजे गरम हवा त्यांच्यावरूनच जाईल. आत १८० ते २०० अंश असताना ३५ ते ४५ मिनिटं लागतात. हाडाला न टेकवता मांसात थर्मामीटर खुपसा. कोंबडी ७४ अंशांना सुरक्षित होते, पण तंगडीचं मांस ८० ते ८२ ला हाडापासून सुटतं, तिथपर्यंत जाऊ द्या. मग शेवटची दोन-तीन मिनिटं निखाऱ्यावर उलटसुलट करा, तेवढ्यात रंग येतो. मसाल्यात गूळ, मध किंवा साखर असेल तर ती याच शेवटच्या टप्प्यात लावा. आणि कोंबडी घेतानाच ‘कातड्यासकट’ म्हणून सांगा, नाहीतर आपले चिकनवाले सवयीनं सोलूनच देतात. कातडं असेल तर आतलं मांस कोरडं पडत नाही.

हेच ग्रिल उद्या स्मोकरचं काम करू शकतं, म्हणूनच आमचा त्यावर भर आहे. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन अर्धगोल करून हा आकार बनवला. बंद गोल, खाली एक झडप, वर एक झडप: आत किती हवा जाईल हे तुम्ही ठरवता, म्हणून आच किती राहील हेही तुम्हीच ठरवता.

धुरीसाठी कोळसा पसरायचा नाही. ग्रिलच्या आतल्या कडेनं, भिंतीला लागून, ब्रिकेटची (कोळशाच्या भुग्याच्या दाबून केलेल्या, एकसारख्या वड्यांची) रांग लावायची: दोन शेजारी-शेजारी, त्यांच्यावर पुन्हा दोन. ही रांग परिघाच्या अर्ध्याहून थोडी जास्त फिरवा आणि दोन्ही टोकांमध्ये मोकळी जागा सोडा. पहिल्या अर्ध्या रांगेवर मुठीएवढे लाकडाचे चार-पाच ठोकळे वीतभर अंतरावर ठेवा. मधोमध फॉइलच्या ट्रेमध्ये दीड लिटर गरम पाणी, त्याच्या वर जाळीवर मांस. वेगळे आठ-दहा ब्रिकेट पांढुरकी राख धरेपर्यंत पेटवून रांगेच्या एका टोकाला ठेवा. आग हळूहळू रांगेतून पुढे सरकते आणि सहा-सात तास चालते. यासाठी ब्रिकेटच लागतात. लाकडी कोळशाचे तुकडे लहानमोठे असल्यानं आग मध्येच विझते किंवा एकदम भडकते.

वरची झडप पूर्ण उघडी, खालची सुरुवातीला अर्धी. जाळीच्या पातळीवर ९५ अंश झाले की खालची पाव उघडी ठेवा. इथेच बहुतेकांचं बिघडतं. ते १२० होईपर्यंत वाट बघतात, तोवर जास्त कोळसा पेटलेला असतो आणि आच १५० च्या पुढे जाते. ती खाली यायला अर्धा तास लागतो. झडप हलवली की परिणाम दिसायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. झाकण तासाभरात एकदाही उघडू नका. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका, तो वरच्या हवेचं तापमान सांगतो आणि जाळीपाशी २०-३० अंशांचा फरक सहज असतो. दोन तारांचा डिजिटल थर्मामीटर घ्या, एक तार मांसात, एक जाळीला. तो घरी तपासून घ्या: बर्फ कुटून पाणी घातलं तर शून्य दाखवला पाहिजे, आणि उकळत्या पाण्यात ९८. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी शंभरच्या आधीच उकळतं. १०० दाखवत असेल तर तुमचा थर्मामीटर दोन अंश पुढे आहे.

पहिल्यांदा करायला डुकराच्या खांद्याचा दोन किलोंचा, चरबीची पट्टी असलेला तुकडा घ्या. कॅम्पात सांगितल्यावर हवा तसा कापून मिळतो. किलोला १५ ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवा. सकाळी मिरी, धने, थोडी लाल तिखटाची पूड. ११० ते १२५ अंशांवर साधारण चार तासांनी आतलं तापमान ६५ ते ७० ला येतं आणि तिथेच थांबतं. तास, दीड तास हलत नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस थंड होत असतं, म्हणून असं होतं. आग विझलेली नसते. घाबरून झडपा उघडू नका. बाहेरचा रंग गडद तपकिरी झाला असेल तर या वेळी दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, तापमान पुन्हा चढू लागेल. ९३ ते ९५ ला काढा आणि तसंच गुंडाळलेलं रिकाम्या आइसबॉक्समध्ये तासभर ठेवा. मग काट्यानं उकलून पावात भरा. सगळं मिळून आठ-नऊ तास धरा, आणि पाहुण्यांना दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी तयार होईल असं बघा. गुंडाळलेलं मांस बॉक्समध्ये गरम राहतं. भुकेल्या पाहुण्यांना थांबवणं अवघड जातं.

बोकडाच्या मांडीसाठी आच वाढवा, १५० ते १६०. दही, आलं-लसूण आणि किलोला एक मोठा चमचा कच्च्या पपईचा वाटलेला गर, चार तास पुरे. रात्रभर ठेवलं तर बाहेरचा थर पिठासारखा होतो. पहिला तास उघडी धुरी, मग फॉइलमध्ये अर्धी वाटी पाणी घालून बंद, एकूण तीन-साडेतीन तास.

धुरी दिलेल्या मांसात कडेला गुलाबी पट्टा दिसतो. कुणीतरी ‘कच्चं राहिलं’ म्हणेलच. धुरातल्या वायूंनी मांसाचा रंग तसा पक्का होतो. शिजलंय की नाही हे रंगावरून ठरवू नका, थर्मामीटर दाखवा.

लाकूड कोणतं? आंबा, पेरू, चिकू, जांभूळ, चिंच ही सगळी चालतात. पेरूचा धूर आम्हाला कोंबडीला सगळ्यात जास्त आवडतो, सौम्य आणि किंचित गोडसर. बाभूळ उग्र आहे, दोन ठोकळ्यांवर जाऊ नका. सोसायटीत फांद्या छाटतात तेव्हा मागून ठेवा, साल काढा, मुठीएवढे तुकडे करून सावलीत सहा महिने वाळवा. कडुनिंब आणि निलगिरी वापरू नका, चव कडवट आणि औषधी होते. कण्हेर विषारी आहे, तिची काडीही आगीत नको. सुताराकडचे तुकडे, प्लायवूड, पॅकिंगची खोकी आणि पॅलेट यांना डिंक, रंग नाहीतर कीडनाशक लागलेलं असतं, ते पूर्ण वर्ज्य. लाकूड पाण्यात भिजवायचा सल्ला सगळीकडे दिला जातो, तो ऐकू नका. ठोकळ्याच्या आत पाणी शिरत नाही, फक्त वरचा थर ओला होतो आणि तो वाळेपर्यंत पांढरी वाफ आणि गुदमरलेला धूर निघतो. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा हवा. पांढरा दाट लोळ निघत असेल तर लाकूड नीट जळत नाहीये आणि मांसावर कडू काजळी बसतेय. खालची झडप थोडी उघडा आणि तो निवळेपर्यंत मांस ठेवू नका.

आपल्या स्वयंपाकघरात निखाऱ्यावर तूप सोडून देतात ती धुरी वेगळी. तिचा वास तुपाचा, वरवरचा आणि दहा मिनिटांचा. डाळीला, पनीरला ती उत्तमच. डुकराच्या खांद्याला लाकडाचाच धूर लागतो.

कोळसा वखारीतून घेताना पोतं हलवून बघा. नीट जळलेला लाकडी कोळसा एकमेकांवर आपटला की खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला तर दमट आहे किंवा अर्धा कच्चा. दमट कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. तळाचा भुगा चाळून टाका, तो हवेची वाट बुजवतो. नारळाच्या करवंटीचे ब्रिकेट उशिरा पेटतात पण जास्त वेळ आणि सारखी आच देतात, म्हणून लांबच्या कामाला ते. दगडी कोळशावर अन्न भाजायचं नाही, त्यात गंधक असतं. पेटवायला रॉकेल नको, वास अन्नात उतरतो. पत्र्याचं उभं नळकांडं, खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरचे तुकडे राख धरतात. हे चिमणी स्टार्टर म्हणून विकत मिळतं आणि ग्रिलबरोबर घ्यायची पहिली गोष्ट हीच.

स्मोकरच्या प्रकारांबद्दल थोडक्यात, कारण मेहुणे विचारतील. बाजूला लाकूड जाळायची पेटी असलेला आडवा स्मोकर दिसायला भारी, पण त्याला दर पाऊण तासाला एक ओंडका घालावा लागतो आणि दीड-दोन मिलिमीटर पत्र्याचा असेल तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेला आच पडते. सहा मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याचा घेऊ नये. पेलेटच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्यांच्या) स्मोकरला वीज लागते, आणि पेलेट पावसाळ्यात ओल धरून फुगतात. बॉयलरसाठी मिळणारे बायोमास पेलेट त्यात कधीही घालू नका, ते अन्नासाठी नसतात. पुढेमागे घ्यायचाच झाला तर पाण्याचं भांडं असलेला उभा, गोळीच्या आकाराचा स्मोकर घ्या. सहा-सात किलो ब्रिकेटवर रात्रभर चालतो आणि दोन मजल्यांवर पाच-सहा किलो मांस बसतं.

फॅब्रिकेटरकडून करून घेता येईल, भवानी पेठेच्या बाजूला लोखंडाचं काम करणारे हवं ते करून देतात. पण काही गोष्टी लिहूनच द्या. पत्रा एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद), तीन मिलिमीटर. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, त्यावरचं जस्त तापलं की विषारी वाफ निघते. आतून रंग अजिबात नाही. जाळी सहा मिलिमीटरच्या स्टेनलेस गजांची, कोळशापासून १० ते १२ सेंटिमीटर उंच, कडेची फळी उघडणारी, म्हणजे मध्येच कोळसा घालता येईल. जुनं २०० लिटरचं पिंप वापरणार असाल तर त्यात आधी काय होतं ते विचारा. रसायनाचं असेल तर नको, आणि खाद्यतेलाचं असलं तरी आतलं अस्तर लाकडाच्या मोठ्या जाळात पूर्ण जाळून काढा. खरी कसोटी झाकणाची. अंधारात आत पेटती बॅटरी ठेवून झाकण लावा. कडेनं जिथे उजेड दिसेल तिथून हवा आत जाणार आणि झडपा बंद करूनही आग मरणार नाही. फट बारीक असेल तर ओव्हनच्या दाराला लावतात तशी काचतंतूंची दोरी बसवा. फट बोटभर असेल तर काम परत करायला द्या. मग आतून खाद्यतेलाचा पातळ हात देऊन तासभर २०० अंशांवर रिकामं तापवा आणि त्यानंतरच अन्न ठेवा. तयार इनॅमलचं ग्रिल बजेटमध्ये बसत असेल तर मात्र तेच घ्या. गंजाची कटकट नाही आणि झाकण बरोबर बसतं.

शाकाहाराचा प्रश्न सोपा आहे. दुसरी जाळी आणि दुसरा चिमटा घ्या, त्यांना वेगळ्या रंगाची तार बांधा, आणि शाकाहारी पदार्थ आधी भाजा, निखारे ताजे आणि चरबीविरहित असताना. पनीर दोन बोटं जाड कापा, निखाऱ्यावर प्रत्येक बाजूला दोन मिनिटं, झाकण न लावता. जास्त ठेवलं तर रबर. कणसं एक-दोन पानं ठेवून, रताळी अख्खी रिकाम्या बाजूला ५० मिनिटं. भरताचं वांगं थेट निखाऱ्यात, फिरवत वीस मिनिटं, साल पूर्ण काळी पडून देठाजवळ मऊ लागेपर्यंत. खान्देशात ते कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, त्या जाळाची चव ग्रिलला पूर्ण येणार नाही. पण गॅसपेक्षा कितीतरी सरस येते. आईंना पहिलं वांगं द्या.

शेजाऱ्यांना त्रास होतो तो मुख्यतः पेटवतानाच्या पंधरा-वीस मिनिटांत. चिमणी स्टार्टर त्यांच्या खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पेटवा, आणि वारा त्यांच्याकडे असेल तर दिशा बदलेपर्यंत थांबा. आठ तासांची धुरी करणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, ते कपडे आत घेतील.

एका बाबतीत कसलीही सूट नको. पाऊस आला म्हणून पेटलेलं ग्रिल पार्किंगमध्ये, बंद बाल्कनीत किंवा ताडपत्रीखाली ओढू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यानं माणसं मरतात. पाऊस आला तर सगळ्या झडपा बंद करून ग्रिल तिथेच राहू द्या आणि जेवण तव्यावर पूर्ण करा. झालं की राख दोन दिवस झाकणाच्या लोखंडी बादलीत ठेवा, निखारा चोवीस तासांनंतरही आत जिवंत असू शकतो. लाकडी कोळशाची मूठभर राख बागेत चालेल, त्याहून जास्त नको. आपल्याकडची काळी माती आधीच अल्कलीयुक्त आहे. ब्रिकेटची राख कचऱ्यातच टाका.

जूनच्या आधी ग्रिल रिकामं करा. राख ओल धरते आणि त्या ओलीनं एका पावसाळ्यात तळ खाल्ला जातो. जाळीला तेलाचा हात द्या, झडपा उघड्या ठेवा, आणि कोळसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घराच्या आत. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा पेटवाल तेव्हा झडपा हाताने फिरवून बघा. अडकल्या असतील तर तारेचा ब्रश आणि थेंबभर खाद्यतेल पुरतं.